आधी ठिणगी पाहा, मग पिस्टन



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा बोंडअळीची, हुमणीची नाहीतर पिवळ्या पडलेल्या पानांची असतात. या वेळी एका दूध उत्पादक बंधूंनी फटफटीविषयी लिहिले आहे. प्रश्न त्यांच्या घरच्या कमाईचा आहे आणि तशीच जुनी गाडी अनेक वाड्यावस्त्यांवर असल्याने आज पिकाला बाजूला ठेवून त्याचे उत्तर देतो.

त्यांच्याकडे जुनी, दुसऱ्या हाताने घेतलेली ३५० ची बुलेट आहे. रोज पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून ते चौदा किलोमीटरवरच्या शीतकरण केंद्रावर जातात. गाडी सकाळी दुसऱ्या किकला चालू होते, चढही नीट चढते. दहाएक किलोमीटर झाले की एकाएकी बंद पडते. अर्धा तास रस्त्याच्या कडेला थांबले की पुन्हा चालू होते. धूर नाही, ऑईलही फारसे कमी होत नाही. दोनदा दूध नासले. मिस्त्री म्हणाले, ‘‘पिस्टन गेला, सिलिंडर बोअर करावा लागेल.’’ त्या खर्चासाठी गाभण कालवड विकावी की गाडीच मोडीत काढावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे, की आठ दिवस दोन्ही गोष्टी थांबवाव्यात. पत्रात जी लक्षणे दिली आहेत ती पिस्टन झिजल्याची नाहीत. पिस्टन आणि रिंगा झिजल्या म्हणजे निळसर धूर येतो, प्लग तेलाने ओला होतो, ऑईल वरचेवर भरावे लागते, चढावर दम लागतो. यांतले एकही लक्षण नसताना इंजिन खोलणे म्हणजे पानाची खालची बाजू न बघताच फवारणीचा पंप पाठीवर घेणे होय. मिस्त्री खोटे बोलतो असे मला म्हणावयाचे नाही. त्याच्यापुढे गाडी थंड होऊनच येते, थंड असताना ती चालते, आणि गिऱ्हाईक तर काहीतरी करा म्हणून मागे लागलेले असते. दोष गाडी तापल्यावर दिसतो, म्हणून तो जागेवरच, रस्त्यावरच शोधावयाचा आहे. आणि तेथे हजर कोण असते, तर तुम्ही.

ही गाडी समजायला अवघड नाही. १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली. सुरुवातीला सुटे भाग इंग्लंडहून येत, पुढे ते सगळे इकडेच बनू लागले. बिडाच्या सिलिंडरचे हे ३४६ सीसीचे इंजिन २०१० च्या सुमारास बंद होईपर्यंत मूळ बांधणीत फारसे बदलले नाही. आत एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर व्यासाचा आणि ९० मिलिमीटर धावेचा. त्यामुळेच ती सावकाश पण दमाने ओढते आणि दोन माणसे व सामान घेऊन लांबचा पल्ला गाठते. कुठलेही संगणकी यंत्र तिच्यात नाही. इंजिनला चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात. वेळेवर ठिणगी, हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल आणि सिलिंडरमधला दाब. गाडी बंद पडली म्हणजे या तिन्हींपैकी एक गोष्ट नाहीशी झाली. कोणती, एवढेच शोधायचे.

आता रस्त्यावर काय करावे ते सांगतो.

गाडी बंद पडताना कशी पडते, इकडे पहिल्यांदा लक्ष द्या. चावी फिरवून बंद केल्यासारखी एका क्षणात गप्प झाली तर संशय ठिणगीवर. आचके देत, ओढ कमी होत, पेट्रोल रिझर्व्हला आल्यावर होते तशी मेली तर संशय पेट्रोलवर. हा फरक मिस्त्रीला कितीही समजावून सांगा, गाडीवर बसलेल्यालाच तो नीट कळतो.

बंद पडल्याबरोबर किक हाताने हळू दाबून पाहा. नेहमीसारखा अडथळा देऊन खाली गेली तर ठीक. दगडासारखी घट्ट झाली असेल तर मात्र पिस्टन तापून धरतो आहे. मग पुढे काही करू नका, गाडी ढकलत न्या आणि ऑईल फिरते की नाही ते आधी तपासा. त्याविषयी पुढे लिहिले आहे. किक अगदीच पोकळ, दाब नसल्यासारखी गेली तर संशय व्हॉल्व्हवर.

किक बरोबर आहे असे धरू. आता पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडा. उघडताना ‘‘सुस्स’’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि मिनिटभराने गाडी पहिल्या किकला चालू झाली, तर तुमचा रोग सापडला असे समजा. झाकणाला हवा जाण्यासाठी बारीक भोक असते. धुळीने, रंगाने किंवा पेट्रोल उसळते म्हणून कोणी बिनभोकाचा नवा वायसर बसवल्याने ते बुजते. टाकीतले पेट्रोल खाली जाते, तेवढी हवा वर शिरत नाही, आणि शेवटी पेट्रोल उतरायचेच थांबते. तोंड अंगठ्याने दाबून धरलेल्या नळीतून पाणी पडत नाही तसेच हे आहे. अर्धा तास थांबले की हवा हळूहळू झिरपते आणि गाडी चालू होते. माणसाला वाटते, इंजिन थंड झाले म्हणून चालू झाली. या एका भोकापायी माणसे कार्बोरेटर बदलतात. इलाज टाचणीचा आहे.

झाकण उघडूनही चालू झाली नाही तर ते घट्ट लावा आणि ठिणगी पाहा. प्लग काढा (हात भाजेल, फडके घ्या), टोपी पुन्हा लावा, प्लगचे धातूचे अंग हेडच्या पंखांना टेकवून ठेवा आणि किक मारा. टाकीचे झाकण बंद असल्याशिवाय आणि सांडलेले पेट्रोल पुसल्याशिवाय हे करू नये, तसेच प्लगच्या उघड्या भोकाजवळ ठिणगी धरू नये. तोंडातली विडी आधीच विझवलेली असावी, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. ठिणगी निळसर, जाड, टच आवाजाची असली तर ती बाजू बरी आहे. तांबूस, बारीक, मधूनच येणारी असली किंवा आलीच नाही, तर आधी खिशातला चांगला प्लग लावून पाहा. त्यानेही तेच झाले तर इंजिनच्या उजव्या बाजूचे पॉइंटचे झाकण उघडा. चावी चालू ठेवून किक हळू फिरवली की पॉइंट उघडताना दिसतात. उघडताना बारीकशी ठिणगी दिसणे चालते. भगभगीत, जाड ठिणगी पडत असेल आणि पॉइंट काळे पडून एकावर खड्डा व दुसऱ्यावर उंचवटा झाला असेल तर कंडेन्सर गेला, असे बहुतेक वेळा निघते.

कंडेन्सर ही बोटाच्या पेराएवढी डबी आहे. ती काय करते? भरून वाहणाऱ्या पाटाचे दार एकदम खाली टाकले तर पाणी उसळून बांधावरून जाते. शेजारी पाणी घ्यायला एखादे डबके असले तर ते उसळणे त्यात जिरते. पॉइंट उघडले की कॉइलमधला वीजप्रवाह असाच एकदम तुटतो आणि उसळतो. कंडेन्सर ती उसळी पोटात घेतो, म्हणून प्रवाह झटकन तुटतो आणि कॉइलमधून प्लगला जोरकस ठिणगी मिळते. कंडेन्सर निकामी झाला की ती उसळी पॉइंटवरच जळते आणि प्लगला उरते मरतुकडी ठिणगी. यातली गोम अशी की म्हातारा कंडेन्सर थंड असताना काम करतो, तापला की सोडतो, थंड झाला की पुन्हा धरतो. दहा किलोमीटर आणि अर्धा तास, हे गणित त्याला चपखल बसते. आमच्या या बंधूंची गाडी ‘‘एकाएकी’’ बंद पडते असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून माझा पहिला संशय येथेच आहे. त्याची किंमत कालवडीच्या दोन दिवसांच्या पेंडीपेक्षा जास्त नसावी.

नवा कंडेन्सर बसवताना पॉइंट बारीक कानसपट्टीने साफ करून, स्वच्छ फडक्याने पुसून, पूर्ण उघडलेल्या जागी त्यांच्यातले अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावे. अंतर मोजायची पत्त्यांची पट्टी, म्हणजे फीलर गेज, विकत घ्यावी. अंदाजाने लावलेल्या पॉइंटमुळे ठिणगीची वेळच बदलते. एक सावधगिरी अशी, की बाजारात मिळणारा नवा कंडेन्सर चांगलाच असेल असे नाही. बसवल्यावर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून खात्री करावी आणि खात्रीचा निघाला तर तसलाच दुसरा आणून तोही चालवून पाहून पिशवीत ठेवावा.

कंडेन्सरने गुण आला नाही तर कॉइल. तीही तापल्यावर सोडते. ओळखीच्या माणसाची कॉइल दिवसभरासाठी मागून आणावी, पण आपली गाडी ६ व्होल्टची की १२ व्होल्टची ते बघून. जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या होत्या, नंतरच्या १२ व्होल्टच्या आल्या, आणि मधल्या काळात अनेकांनी जुन्या गाड्याही १२ व्होल्टवर करून घेतल्या. गाडीच्या सालावरून ठरवू नका, बॅटरी पाहा.

ठिणगी उत्तम आहे, पेट्रोल आहे, तरी तापल्यावर चालू होत नाही आणि किक पोकळ लागते, असे असेल तर टॅपेट घट्ट लावलेले असण्याचा संभव आहे. टकटक आवाज नको म्हणून माणसे टॅपेट आवळून घेतात. मग इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, दाब गळतो, आणि असेच चालवत राहिले तर व्हॉल्व्ह जळतो. सिलिंडरच्या तळाशी उजव्या बाजूला एका नटाने धरलेले छोटे झाकण आहे. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभे राहिल्यावर, पिस्टन दाबाच्या धावेत वर आणून ते उघडावे. आतल्या दोन्ही दांड्या दोन बोटांनी सहज फिरल्या पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत. फिरत नसतील तर सैल करा, खटखट हलत असतील तर थोड्या आवळा. थोडा टकटक आवाज राहिला तर राहू द्या. टकटकणारा टॅपेट जळत नाही.

यांतली एकेक गोष्ट करा आणि प्रत्येक गोष्टीनंतर गाडी चालवून पाहा. एकाच दिवशी युरिया टाकला, सूक्ष्म द्रव्ये फवारली आणि पाणीही दिले, तर पीक कशाने हिरवे झाले ते सांगता येत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका गाडीला एका गॅरेजमध्ये एकाच दिवशी पिस्टन, कार्बोरेटर, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर असे सगळे नवे बसवले. गाडी चालू लागली. मालकाने पैसे दिले, आणि त्याला आजही वाटते की पिस्टनच गेला होता.

पेट्रोलविषयी एक गोष्ट ऊसवाल्या बंधूंनी लक्षात घ्यावी. २०२५ पासून देशभरच्या पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते इथेनॉल आपल्या उसाच्या रसापासून, मळीपासून आणि मक्यासारख्या धान्यापासून बनते. उसाला गिऱ्हाईक मिळाले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण जुनी फटफटी या पेट्रोलासाठी बनवलेली नव्हती. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर महिनाभर उभी राहिली तर पाणी तळाशी बसते, टाकी आतून गंजते, आणि तो गंज तोटीतून कार्बोरेटरच्या बारीक भोकात जाऊन बसतो. जुन्या रबरी नळ्या फुगून मऊ होतात नाहीतर चिरतात. म्हणून जुनी नळी आणि वायसर बदलून इथेनॉलला टिकणारे घालावेत. फार दिवस उभी ठेवायची तर तोटी बंद करून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे. तोटीची जाळी वर्षातून एकदा काढून धुवावी. जेट बुजला तर तारेने कोरू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे होते, आणि मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. फुंकून, नाहीतर सायकलच्या पंपाच्या हवेने साफ करावा.

ऑईलच्या बाबतीत ही गाडी इतरांहून वेगळी आहे. तिचे ऑईल इंजिनच्याच अंगात मागच्या बाजूला केलेल्या टाकीत असते. एक पंप ते पुढे ढकलतो, दुसरा परत आणतो. गाडी आठवडाभर उभी राहिली की टाकीतले ऑईल खाली क्रँकच्या खणात झिरपते. मग पट्टीवर ऑईल कमी दिसते, माणूस वरून ओततो, चालू केल्यावर पांढरा-निळा लोट उठतो आणि ऑईल जागा मिळेल तेथून बाहेर पडते. लगेच कोणीतरी म्हणतो, रिंगा गेल्या. पाच-दहा मिनिटे इंजिन चालवून, मग बंद करून पट्टी पाहावी, आणि कमी असेल तरच घालावे. सुरुवातीचा धूर दोन-चार मिनिटांत विरला तर चिंता करू नये. धूर दिवसभर, विशेषतः ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा देताना येत राहिला, तर मात्र मिस्त्रीचे म्हणणे मनावर घ्या.

ऑईल फिरते की नाही हे पाहण्यासाठी हेडकडे जाणाऱ्या बारीक तेलनळीचा वरचा बोल्ट एकदोन आटे सैल करून इंजिन हळू चालू ठेवा. काही वेळात तेथे ऑईल झिरपले पाहिजे. झिरपले की बोल्ट आवळा. ते आलेच नाही तर इंजिन त्याच क्षणी बंद करा. ऑईलचा फिल्टर वेळेवर बदलला नाही, किंवा बदलताना वायसर मागेपुढे बसला, तर असे होते. येथे हयगय केली तर त्या बोअरचा खर्च खरोखरच येईल.

किकविषयी. ही गाडी उलटी किक मारते आणि घोटा, क्वचित नडगीही मोडते. जोर लावून ती चालू होत नाही, जागा पकडून होते. चावी चालू करून किक सावकाश दाबत जा. हँडलवरच्या अँपिअर मीटरचा काटा उणेकडून मध्यावर आला आणि पायाला भक्कम अडथळा लागला की थांबा. डीकॉम्प्रेसरची मूठ दाबून किक किंचित पुढे न्या, मूठ सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या, आणि मग एकच लांब, पूर्ण किक मारा. पाय खालीपर्यंत सोबत गेला पाहिजे. घरातल्या ज्या कोणाला गाडी चालवायची असेल, मग तो मुलगा असो की सून, त्याला हे अंगणात दहा वेळा करून दाखवावे. पायात चप्पल नको, बूट असावा.

आणखी एक गोष्ट घरातल्या तरुणांना आवर्जून सांगा. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे. शिवाय पहिला गिअर वर उचलून पडतो. नव्या गाडीवर शिकलेला मुलगा अडचणीच्या वेळी उजवा पाय दाबतो. तेथे ब्रेक नसतो. गाडी कोणी ‘‘जरा फिरवून आणतो’’ म्हणून मागितली तर हे सांगितल्याशिवाय चावी देऊ नये. भरलेले कॅन लावल्यावर थांबायला लागणारे अंतर किती वाढते, तेही मोकळ्या रस्त्यावर स्वतः पाहून ठेवावे. दोन्ही बाजूंचे वजन सारखे हवे. ब्रेकचे लायनर वरचेवर तपासावेत. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. चाकाचे आरे पान्याने हलके वाजवून पाहावेत. घट्ट आरा टणत्कार देतो, सैल आरा ठप्प वाजतो.

ज्यांना अशी गाडी आता घ्यायची आहे त्यांनी इंजिनच्या आवाजाआधी कागद पाहावा. चासीवरचा आणि इंजिनवरचा नंबर नोंदणीपुस्तकाशी स्वतः जुळवावा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर गाडी तपासून घेऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. वाढवलेली नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. नाव बदलण्याच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर विकणाऱ्याची सही पैसे देतानाच घ्यावी. ‘‘पुढच्या आठवड्यात करू’’ म्हणणारा पुढच्या आठवड्यात भेटत नाही.

बाकी राहिली पिशवी. तीत प्लग आणि प्लगचा पाना, चालवून पाहिलेला कंडेन्सर, पॉइंटचा जोड, फीलर गेज, बारीक कानसपट्टी, पेचकस, दोन-तीन मापांचे पाने, फ्यूज, हातभर वायर, क्लचची केबल, चेनची जोडकडी, फडके आणि एक टाचणी असावी. टाचणी झाकणाच्या भोकासाठी आहे, ती कागदात टोचून ठेवा, म्हणजे अंधारात हाताला लागेल.